आखाजीपर्यंत हात उचलायचा नाही

२९ एप्रिल १९८९, शनिवार
चार वर्षांनी घरी पोचलो. नवी डायरी आजपासून सुरू. मस्कतच्या कंपनीने दिलेली आहे, वर सोनेरी उंट. पहिलाच संकल्प: आखाजीपर्यंत कुणावरही हात उचलायचा नाही. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आठ मेला. अवघड काही नाही. माझा स्वभाव मुळातच शांत आहे, लोक भडकवतात.

जळगावला सुरत पॅसेंजरमध्ये एकाने माझ्या सूटकेसवर पाय ठेवला. त्याला दोन दिल्या. पण तेव्हा संकल्प झालेला नव्हता. संकल्प पाळधी स्टेशन गेल्यावर केला, त्यामुळे हे धरायचं नाही.

धरणगावला उतरून टांग्याने गावात. भाऊ, म्हणजे माझा थोरला, भाईदास, ओट्यावर दोर वळत बसला होता. मला बघून दोर हातातून सुटला. म्हणाला, "कवय उना?" आणि त्याच श्वासात, "कवय जाशी?" चार वर्षांनी भेटलो तर याला आत्ताच ताटातुटीची काळजी. भावाचं काळीज ते.

सांगितलं, कंपनीने लांब रजा दिलीय. खोटं नाही. इतकी लांब की परतीची तारीखच घातलेली नाही. आमचा इजिप्तचा फोरमन हॉस्पिटलातून घरी गेला त्याच दिवशी मंजूर झाली. मॅनेजरसाहेब स्वतः विमानतळापर्यंत सोडायला आले, बरोबर दोन पोलीस. आमच्या स्टोअरमधल्या कुणाला आजवर एवढा मान मिळालेला नाही.

३० एप्रिल, रविवार
बातमी! औंदा ताईबाई आखाजीला येणार. आमची धाकटी बहीण, नदीपल्याडच्या गावात दिलेली. ओट्यावरून तिच्या गावचं देऊळ दिसतं, पण चार आखाज्या झाल्या, ती माहेरी आलेली नाही. बाकीच्यांच्या पोरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. आमचा निंब रिकामा. मी गावात नाही म्हटल्यावर तिचा पाय निघत नसणार.

वहिनी (झुंबरबाई) म्हणते, तसं नाही. म्हणते, मी मस्कतला जायच्या आधी जवाईंना, रुपचंदला, मारलं म्हणून त्यांनी ताईला धाडणं बंद केलं. बायका कुठलाही विषय कुठंही नेऊन जोडतात. मी रुपचंदला मारलं नव्हतं, समजावलं होतं. तो ताईला सणाला उशिरा धाडत होता म्हणून. आता समजावताना हात हलतातच.

भाऊने वर्षभर खेटे घालून, रुपचंदच्या आईच्या पाया पडून औंदा हो म्हणवून घेतलंय म्हणे. मला म्हणाला, "ताई येई ऱ्हायनी. तू जरासा गप ऱ्हाय." म्हटलं, मी गपच असतो. माझा संकल्प त्याला सांगितला. तो उठून बैलांकडे गेला. भारावला असावा.

राग आवरायचा उपाय मस्कतच्या केरळी डॉक्टरने शिकवलाय: राग आला की तांब्याभर गार पाणी प्यायचं. आजपासून सुरू.

१ मे, सोमवार
वना न्हाव्याकडे दाढीला गेलो. त्याने गालाला साबण लावला आणि विचारलं, तिकडं नोकरीवरून काढलं म्हणतात, खरं का. उठलो. पाणी मागितलं. तो म्हणाला, तुमच्या शेजारच्या वाटीत आहे. ते दाढीचं पाणी होतं. तेही प्यायलो. एवढा संयम गावात कुणी दाखवेल?

मग तो हसला.

आरसा त्याचाच होता, डोकंही त्याचंच. मी फक्त दोन्ही जवळ आणले. याला हात उचलणं म्हणत नाहीत, हात खालीच होता, त्याच्या मानेवर. अर्ध्या दाढीने घरी आलो. उरलेली भाऊने केली. करताना तो प्रत्येक ओढीला थांबून विचारत होता, लागलं नाही ना. वय होतंय बिचाऱ्याचं.

२ मे, मंगळवार
भाऊ वना न्हाव्याकडे जाऊन माफी मागून आला. मी पाठवलं नव्हतं.

दिवसभरात माठ दोनदा रिकामा. वहिनी म्हणाली, "भाऊजी, इतलं पानी तं बैल बी नही पेत." हिला पाणी लांबून आणावं लागतं हे खरं. पण गावात शांतता हवी तर घरातल्यांनी एवढं सोसायला हवं.

दुपारी मस्कतचा टेपरेकॉर्डर लावला. अर्धा गाव ओट्यावर जमला. व्होल्टेज वाढलं आणि आतून धूर. कुणी हसलं नाही. तरी सगळ्यांच्या मनात हसू होतं हे मला कळलं. वायरमन सायकलवरून जात होता. त्याला सायकलसकट थांबवलं. सायकल जरा वाकडी झाली. माणसाला हात लावला नाही, हे नोंदवून ठेवतो.

४ मे, गुरुवार
ताई आली!

भाऊ सकाळीच गाडी जुंपून गेला होता. मी म्हटलं, मी पण येतो, तर म्हणाला, बैल दोन माणसांना ओढणार नाहीत. बैल चांगले धष्टपुष्ट आहेत. असो.

गाडी दारात आली, ताई एकटीच उतरली, लेकरं सासरीच ठेवून. चार वर्षांत वाळली जरा. मला बघितलं आणि तिच्या हातातला डबा पडला. "दादा? तू कवय उना? त्यासले माहीत शे का?" असं म्हणत ती वळून नदीकडे बघायला लागली. आनंदाने इतकी घाबरलेली बाई मी बघितली नव्हती. भाऊने तिकडे मी आल्याचं सांगितलेलंच नाही. सरप्राइज द्यायचं असेल.

मग ती रडली. माझ्या छातीवर डोकं ठेवून बराच वेळ रडली. मलाही आवरलं नाही. तिला नायलॉनची साडी दिली, निळी. तिने ती गालाला लावून बघितली.

५ मे, शुक्रवार
निंबाला झोका बांधला. दोर भाऊचा, गाठ माझी. ताई नि गावच्या पोरी दिवसभर गाणी म्हणत होत्या. मी झोका देत होतो. ताई ओरडली, "दादा, बस रे, पडसू!" आणि हसली. ती हसली तेव्हा मला वाटलं, मस्कत गेलं खड्ड्यात, इथंच राहायचं. भाऊबरोबर शेती करायची, दर आखाजीला ताईला झोका द्यायचा. भाऊला योग्य वेळ बघून सांगणार. आखाजीच्या दिवशी सांगतो.

संध्याकाळी तिने मला गौराईसमोर बसवलं. चैत्रापासून वहिनीने मांडलेली गौराई, समोर दिवा. म्हणाली, "गौराईनी आन शे तुले. आते हात उचला तं मन्हं माहेर कायमनं तुटी." मी आण घेतली. पहिला संकल्प होताच, आता त्याच्यावर देवीचा शिक्का. डबल झालं.

बोलता बोलता रुपचंदबद्दल म्हणाली, "त्यासना जबडा जेवताना आते बी वाजस." चार वर्षांनंतरही! मी काम मनापासून करतो, हे फोरमनसुद्धा म्हणायचा. आधी म्हणायचा.

७ मे, रविवार
आखाजीचे पत्ते सुरू. सणाचे हे दिवस गावात कुणी पत्त्यांना नाव ठेवत नाही, म्हातारे सुद्धा पारावर बसतात. मी खेळणार नव्हतो, फक्त बघणार होतो. बघता बघता बसलो. तोताराम आबाने राणी लपवली. मांडीखाली. साठीचा माणूस! पाणी मागितलं. कुणी आणेना, सगळे पत्त्यात.

तोताराम आबा पाराच्या पायऱ्यांवरून खाली गेले. मी ढकललं नाही. मी त्यांची मांडी उचलून राणी दाखवत होतो, बाकीचे आबा मांडीच्या मागोमाग गेले. राणी सापडली नाही. नंतर ती माझ्याच पायाखाली निघाली, म्हणजे त्यांनी किती चलाखीने सरकवली असेल.

आबा खालून एवढंच म्हणाले, "हाऊ आजून तसाच शे." म्हणजे परदेशात राहून बदललो नाही, गावचाच राहिलो. मनाला बरं वाटलं.

आण घराच्या आत घेतली होती, हे घराबाहेर घडलं. ताईला हे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं नि दार लावून आत बसली. भाऊ हळदीची वाटी घेऊन आबांकडे गेला.

८ मे, सोमवार. आखाजी.
पहाटे घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, वडिलांच्या नावाने. पुरणपोळी, आमरस. पण मला खायला मिळालं नाही, कारण भाऊने सकाळीच मला एका जबाबदारीच्या कामावर धुळ्याला पाठवलं. विहिरीच्या पंपाचा वॉशर आणायचा. म्हणाला, "तुन्हाशिवाय हाई काम कोनाले जमाव नही." भाऊने पहिल्यांदाच माझ्यावर भरवसा टाकला.

धुळ्यात सगळी दुकानं सणाची बंद. एकाने दार उघडलं पण वॉशर देईना, म्हणे सणाला धंदा नाही. दाराला लाथ मारली. दार माणूस नाही.

संध्याकाळी परत. कळलं की दुपारी रुपचंद जेवून गेला. सासूरवाडीच्या पंगतीला चार वर्षांनी बसला म्हणे, रस दोनदा मागून घेतला. ताईच्या चेहऱ्यावर उजेड. भाऊ गुणगुणत होता, आयुष्यात पहिल्यांदा. माझी नि जवाईंची चुकामूक झाली म्हणून मी हळहळलो तर तिघंही ताटाकडे बघायला लागले.

वॉशर मिळाला नाही म्हणून भाऊची माफी मागितली. तो म्हणाला, कसला वॉशर? कामाच्या रगाड्यात विसरला. इथंच राहायचं म्हणून सांगायचं होतं, ते उद्यावर टाकलं. आज सगळे इतके खूश होते की मध्ये आपलं काही घुसवू नये असं वाटलं.

९ मे, मंगळवार. सकाळ.
आज गौराई बुडवायची आणि मग बार, म्हणजे दोन गावच्या बायांची सणाची लढाई. नदीच्या अल्याड आमच्या बाया, पल्याड त्यांच्या. गौराई पाण्यात गेली की दोन्हीकडून शिव्यांची गाणी, मग वाळू, ढेकळं, खडे. एखादीला लागतं. हळद लावली की संपलं, वर्षभर कुणी मनात धरत नाही. पुरुषांनी लांब झाडाखाली बसायचं, वाळूत उतरायचं नाही. आमच्या पणज्याच्या वेळेपासून हे असंच आहे.

पण आता जग पुढे गेलंय. मस्कतला साधी पाइप उतरवायची तर सेफ्टीसाठी सुपरवायझर लागतो. इथं एवढ्या बाया दगड मारतात आणि जबाबदार माणूस एकही नाही. माझ्याकडे कंपनीची पिवळी टोपी आणि शिट्टी आहे. फक्त देखरेख. भाऊने बाहेरून दाराला कडी घातली ती चुकून. मी मागच्या खिडकीने निघतोय.

१० मे, बुधवार. धरणगाव, दवाखाना.
डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला प्लास्टर. सगळं नीट नोंदवतो, उद्या कुणी वेगळं सांगेल.

बार रंगात आला होता. पल्याडहून एक आडदांड बाई ओरडत होती, तुमच्या गावचे बाप्ये चुलीत घाला, धूरसुद्धा निघणार नाही. ही सुंदरबाई, ताईची जाऊ. इकडून ताई तिला सवाई उत्तर देत होती, पदर खोचून, निळी नायलॉन नेसून. एवढ्यात सुंदरबाईचा खडा आला आणि ताईच्या कपाळाला लागला. रक्त आलं. ताई हसत होती हे मला नंतर लोकांनी सांगितलं. मला तेव्हा फक्त रक्त दिसलं.

शिट्टी वाजवली. कुणी थांबलं नाही. पाणी कुठं शोधणार, नदी कोरडी, जे डबकं होतं त्यात गौराई.

मी वाळूत उतरलो. दोन्हीकडच्या बाया एकदम गप्प झाल्या. माझा दरारा असं वाटलं. पल्याडच्या काठावर बाभळीखाली पुरुष बसले होते, त्यातून रुपचंद उठून हात वर करत पुढे आला. तो मला थांबवायला येत होता म्हणे. हात वर करून येणारा माणूस कशाला येतो हे मी कसं ओळखायचं? मी समजावलं. आधीच्याच जागी. या वेळी तो वाजला नाही, मोडला.

मग पहिला दगड मला पाठीत बसला. मी वळलो. अल्याडचा होता. निळी साडी. ताई.

दुसराही तिचाच. "तुले कोनी बलावं व्हतं रे! तुले कोनी बलावं व्हतं!" हेच परत परत म्हणत होती आणि रडत होती आणि मारत होती. नेम कसला तिचा. मग सुंदरबाई मागून आली, मग दोन्ही गावच्या सगळ्या. घागरी, चपला, लाटणं सुद्धा, लाटणं नदीवर कुणी आणलं कळत नाही. कुणी अल्याडची नाही, कुणी पल्याडची नाही. दोन गावांची एवढी एकी याआधी कुणी घडवून आणली नव्हती, हे कुणीतरी लक्षात घ्यावं.

मी कुणावर हात उचलला नाही. तो तोपर्यंत मोडलेला होता.

११ मे, गुरुवार
पलीकडच्या खाटेवर रुपचंद. तोंड बांधलेलं. दोघांत एक पडदा. त्याचे भाऊ सकाळी आले, ताईला परत घेऊन जायला नव्हे, तिला कायमचं इकडेच ठेवा म्हणून सांगायला. लेकरं तिकडे राहतील, बाई इकडे, असं म्हणाले. ताई पडद्यापलीकडे जमिनीवर बसून होती. तिचा आवाज येत नव्हता. एरवी तिचं रडणं दोन घरं ऐकतात.

मला खूप वेळ पाणी प्यावंसं वाटत होतं. कुणाला मागावं कळेना.

१२ मे, शुक्रवार
भाऊने रुपचंदच्या पायावर डोकं ठेवलं. पडद्याच्या फटीतून दिसलं. भाऊ आमचा कर्ता माणूस, सरपंचापुढे सुद्धा वाकत नाही. रुपचंदने त्याला उठवलं आणि बांधल्या तोंडाने बोलला, प्रत्येक शब्द कण्हत: "मी तिले दर आखाजीले धाडसू. पन तो गावमा नको. येक दिन बी नको."

आता रुपचंद माझ्यावर चिडला आहे हे मान्य. थोड्या दिवसांत निवळेल. जबडे जुळतात. मी एखादं पत्र टाकतो, दोन गोड शब्द, म्हणजे झालं. आणि शेतीचं भाऊशी अजून बोलायचंच आहे.

१३ मे, शनिवार
भाऊशी बोललो. म्हणजे तोच बोलला. माझ्या खाटेवर बसला, माझ्या प्लास्टरवरची माशी हाकलली. म्हणाला, "लीलाधर, तू चार साल नही व्हता, आम्हनं कोनासंगे भांडन नही व्हतं. ताईले येवाले पाहिजे ना? मंग तू तठेच मस्कतमा ऱ्हाय."

रागाने म्हणाला असता तर मी उत्तर दिलं असतं. तो माझ्या पायावर हात फिरवत होता.

मी विचारलं, ताई काय म्हणते. तो म्हणाला, ती सासरी गेली, सकाळीच, रुपचंदच्या गाडीत बसून. जाताना पडद्याआड थोडा वेळ उभी होती. मी झोपलो होतो.

मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून होतो. ती आत येईल असं वाटलं होतं.

मस्कतचा व्हिसा रद्द झालाय, हे भाऊला सांगितलं नाही. सांगितलं की सोमवारचं विमान आहे.

१४ मे, रविवार. गाडीत.
भाऊ स्टेशनवर आला. वहिनीने दशम्या बांधून दिल्या आहेत. कपड्यांची सूटकेस त्यानेच उचलली, मला एका हाताने जमत नव्हतं. गाडी येईपर्यंत आम्ही पिंपळाखाली बसलो. औंदा कापूस लवकर लावायचा म्हणाला. मी म्हटलं, लाव.

गाडी सुटेपर्यंत भाऊ खिडकीचा गज धरून उभा होता. मी उतरेन की काय, अशी भीती असावी. मग गाडी हलली आणि त्याने गज सोडला, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मला वाटलं होतं त्याला हायसं वाटेल. तसंही वाटलं असेल.

ताई पुढच्या आखाजीला माहेरी येणार, हे पक्कं झालं. तेव्हा मी कुठं असेन हे कुणी विचारलं नाही. बरं झालं. मला सांगता आलं नसतं.